चौथा भाग सेफूकडे आहे

पांगानी, ४ जून २००३

सोमोए,

आधी सलाम. तुला, तुझ्या घरच्यांना, घरात मांजर असेल तर तिलाही. तू निबंधाच्या सुरुवातीला असे लांबलचक सलाम लिहायचीस आणि मी त्यांच्यावर लाल रेघ मारायचो. आता माझ्यावरच ती वेळ आली आहे. एकतीस वर्षांनी पत्र लिहायचं, तर दार न ठोठावता आत कसं शिरायचं?

तुझा दार-एस-सलामचा पत्ता म्हिना मास्तरकडून घेतला. घेतला म्हणजे मागावा लागला. त्याला तो तोंडपाठ आहे. पोस्टपेटीच्या क्रमांकासकट त्यानं तो डोळे मिटून म्हणून दाखवला. हा मनुष्य माझ्या शेजारच्या वर्गात बावीस वर्षं गणित शिकवत होता, पण कवितेची एक ओळ पाठ म्हणताना मी त्याला कधी ऐकलं नाही.

तर तुझी कादंबरी. 'ओहोटीचा साक्षीदार.' अख्ख्या पांगानीत एकच प्रत आहे, तू म्हिनाला पाठवलेली. रजाबू शिंप्याच्या ओट्यावर आम्ही म्हातारे रोज दुपारच्या नमाजानंतर कॉफीला जमतो, तिथे तो ती घेऊन आला. स्वतःची वाचून झाली होती. आता चौघांना हवी होती: मला, रजाबूला, कॉफीवाल्या सेफूला आणि फेरीबोटीवर तिकिटं फाडून निवृत्त झालेल्या किब्वानाला. आधी कोण, यावरून बोलाचाली झाली. तेव्हा रजाबूनं कापडाची कात्री उचलली आणि म्हिनाकडे पाहिलं.

"काप," म्हिना म्हणाला. "पुस्तक वाचायला असतं. पूजायला थोडंच आणलंय."

मी हात आडवा घातला, पण उशीर झाला होता. रजाबूनं कण्यातून चार तुकडे केले, प्रत्येकाला जाड दोऱ्यानं टाके घातले, वर लुंगीच्या कापडाचं एकेक आवरण शिवलं. मग बाओच्या खेळातल्या बिया मुठीत धरून आम्ही चिठ्ठ्यांसारख्या उचलल्या. मला दुसरा भाग आला. चौथा सेफूला.

"अरे, पण मी सुरुवात न वाचता दुसरा कसा वाचू?" मी म्हणालो.

"मास्तर, तुम्ही सिनेमालाही अर्ध्यातच यायचात," किब्वाना म्हणाला. "आम्ही काही म्हटलं का?"

म्हणून आज मी तुला फक्त दुसऱ्या भागाविषयी लिहितो आहे. मोकळेपणानं लिहितो, कारण ओट्यावर बाकीचे नुसती स्तुती करतात, आणि स्तुतीनं लेखक बिघडतो.

चांगलं आधी सांगतो. घायपाताच्या गोदामातला तो वास, ओल्या दोरखंडाचा आणि उन्हाचा, तो मला नाकात आला. तुझी इन्स्पेक्टर रिझिकी बोलते कमी, ऐकते जास्त. हे बरं आहे. खारफुटीत सापडलेल्या कासिमूच्या प्रेताचं वर्णन तू दोन ओळींत केलंस आणि तिसरी लिहिली नाहीस. हा संयम कुणी शिकवला, ते तुला आठवत असेलच.

आता वाईट. वाक्यं फार आखूड. दम लागलेल्या माणसासारखी. संबंध भागात एकही ओळ अशी नाही जी मोठ्यानं म्हणावीशी वाटेल. आणि एक घोडचूक आहे, ती मात्र मला सहन झाली नाही. पान १३२. नाखवा मशामू पोलिसांना सांगतो, "पौर्णिमेच्या सकाळी दहा वाजता मी होडी धक्क्याच्या पायऱ्यांना लावली." सोमोए, तू या नदीच्या मुखावर वाढलीस. पौर्णिमेला आपल्याकडे पाणी पहाटे चारला आणि दुपारी चारला भरतं, सकाळी दहाला पायऱ्यांखाली नुसता चिखल असतो, खेकडे फिरत असतात. पोरंसोरंही हे जाणतात. राजधानीत राहून तू समुद्र विसरलीस की काय? मी ओट्यावर हे सगळ्यांना दाखवलं. म्हिना कॉफी पिता पिता हसला आणि म्हणाला, "पुढे वाच." त्याची ही 'पुढे वाच' म्हणायची पद्धत मला बावीस वर्षं आवडली नाही.

जाता जाता, तुझ्या त्या जुन्या वहीविषयी. तू विचारलेलं नाहीस, पण मनात असेल म्हणून लिहितो. तेव्हा सांगितलं होतं तेच खरं, वाळवीनं खाल्ली. शाळेचं ते कपाट भिंतीला टेकलेलं होतं. आणि ती मी वाचलीही नव्हती, त्यामुळे तिच्यात काय होतं हे मला ठाऊक असण्याचं कारण नाही.

आशीर्वाद.

तुझा जुना मास्तर,
अथुमानी


पांगानी, ११ जून २००३

सोमोए,

तुझं उत्तर नाही, पण टपाल हळू चालतं हे मी जाणतो. तिसरा भाग वाचून झाला. किब्वानानं तो मला देताना आवरणावरून हात फिरवला आणि म्हणाला, "घ्या सुदी मास्तर."

मला कळलं नाही. पाच पानं वाचल्यावर कळलं.

पांढरा कुर्ता, कोपरावर शाईचा डाग, खडू बोटात धरून झोपी जाणारा, मुलांना नदीच्या कविता म्हणायला लावणारा आणि म्हणता म्हणता स्वतःच खिडकीबाहेर हरवणारा शिक्षक. नाव सुदी. मयत कासिमूचा शेजारी. कासिमूची डायरी त्याच्याकडे असल्याचा रिझिकीला संशय. बाई ग, मी कुर्ता अजून तोच घालतो.

आता तीन दिवस ओट्यावर मला कुणी अथुमानी म्हणत नाही.

"सुदी मास्तर, कॉफी?"

"सुदी मास्तर, त्या दिवशी कुठे होता तुम्ही? साक्षीदार आहे का कुणी?"

रजाबू तर टेप घेऊन माझ्या गळ्याचं माप घेऊ लागला. म्हणाला, "फाशीचा सदरा वेगळा शिवावा लागतो." मी हसलो. माणसं हसतात तेव्हा हसावं लागतं.

पण पान २०७ वर मी थांबलो. सुदी वर्गात म्हणतो:

नदी म्हणे सागराला, घेई माझे पाणी गोड;
सिंधू म्हणे नको बाई, मीठ माझे आहे गोड.

हे माझं आहे. १९६८ साली मी हे पावसाळ्याच्या सुटीत केलं, पेपरच्या कवितांच्या सदरात पाठवलं, त्यांनी छापलं नाही. त्या सदरात मी तीस वर्षं पाठवत होतो, अकरा छापून आल्या, आणि ही त्या अकरांत नव्हती. मग मी ती वर्गात पाठ करून घेतली, दर वर्षी, प्रत्येक तुकडीकडून. तू तुझ्या वहीत तिच्याशेजारी समासात लिहिलं होतंस: 'पुढे कोणी बुडालं का?'

पुस्तकात छापलेली ही माझी पहिली ओळ. त्या पानावर मी बोट ठेवून बसलो होतो आणि मला काय वाटत होतं ते मला नीट सांगता येत नाही. आनंद होता म्हणावं तर ती ओळ एका संशयिताच्या तोंडी आहे. खाली माझं नाव नाही. आणि मला हेही दिसतं की माझ्या नावानं जी कविता कुणी छापली नाही, ती तुझ्या नावानं तीन हजार घरांत गेली. (तीन हजार हा आकडा म्हिनाचा. तू त्याला कळवलास म्हणे.)

कविता बाजूला ठेवू. कादंबरी म्हणून बोलतो. तिसरा भाग दुसऱ्यापेक्षा बरा आहे. वाक्यं आखूडच आहेत, पण मी ते विसरलो, याचा अर्थ तूच लाव. काल सेफूला चौथा भाग मागितला. तो अक्षर लावत वाचतो, ओठ हलवत, एका पानाला एक दिवस. आणि आवडलेलं पान परत वाचतो.

"सेफू, खून कुणी केला तेवढं सांग."

"अजून कळलं नाही मास्तर. मी नवव्या पानावर आहे. पण तुमचं वागणं मला ठीक दिसत नाही."

सगळे हसले. म्हिना सर्वांत शेवटी आणि सर्वांत जास्त वेळ.

मला एकच विचारायचं आहे, आणि तुला उत्तर द्यायला पोस्टकार्ड पुरेल. सुदी खुनी आहे का?

अथुमानी


पांगानी, १४ जून २००३, पौर्णिमा

सोमोए,

तुझं कार्ड आलं. म्हिनाला आलं. त्यानं ओट्यावर सर्वांसमोर वाचलं: तब्येत, पाऊस, मुलीचं लग्न, आणि शेवटी 'अथुमानी मास्तरांना सलाम, त्यांचं पत्र पोचलं.' सलाम मला, कार्ड त्याला. सलाम त्यानं हातानं झेलून माझ्याकडे टाकल्याचा अभिनय केला. सेफूला कॉफीचा ठसका लागला.

रजाबूकडचा पहिला भाग माझ्या हातात आला. आवरण उलटलं आणि पहिल्या पानावर हे होतं:

'म्हिना मास्तरांना. त्यांनी एकदाच विचारलं, पुढे काय झालं?'

मी तो भाग मिटून मांडीवर ठेवला. रजाबू शिवणयंत्र चालवत होता, त्यानं पाय थांबवला.

"तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?"

"नाही."

"आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. म्हणून तर तुम्ही तिच्यात चुका काढता असं वाटलं."

आता मी चूक काढत नाही, फक्त विचारतो. त्या माणसानं तुला काय दिलं? अपूर्णांक. रेघा मारलेल्या कागदाची एक जाडी वही, हे मला नंतर कळलं, शाळेच्या भांडारातून, सही न करता. तो कविता ऐकताना घड्याळाकडे बघायचा. मी वर्गाला नदी शिकवत असताना भिंतीपलीकडून त्याचा आवाज यायचा, सात सक किती, नव सक किती, आणि माझ्या ओळींचा ताल त्याच्या पाढ्यांत वाहून जायचा. तुझं पहिलं वाक्य मी दुरुस्त केलं. उपमा म्हणजे काय हे मी सांगितलं, आणि ती कधी वापरायची नाही हेही मीच. त्यानं एक प्रश्न विचारला. आणि पुस्तक त्याला.

मी फार वाईट माणूस नाही, सोमोए. त्याच्या बायकोच्या मयताला मी तीन रात्री बसलो होतो. त्याच्या गुडघ्याला लावायचं तेल मीच आणून देतो. पण आज त्याच्या हातातलं कार्ड पाहून मला वाटलं, याला नदीत ढकलावं. लगेच वाटलं, तुझ्या रिझिकीला पाच मिनिटांत कळेल.

आज पौर्णिमा आहे म्हणून सकाळी दहाला धक्क्यावर गेलो. चिखलच होता. शेवटच्या तीन पायऱ्या शेवाळलेल्या, एक होडी कलंडून पडलेली. निदान समुद्र तरी माझ्या बाजूनं आहे.

पहिल्या भागाविषयी मत पुढच्या पत्रात. आज ते देण्याच्या मनःस्थितीत मी नाही.

अ.


पांगानी, २० जून २००३

सोमोए,

तुला मत देतो म्हटलं होतं. देतो. पण आधी एक कबुली, कारण तिच्याशिवाय मत देता येणार नाही.

पहिला भाग मी वाचला नाही. म्हणजे डोळ्यांनी वाचला, पण मला तो येत होता. घायपाताचं गोदाम, तराजूवर बसलेली मांजर, कासिमू सकाळी कामावर आला नाही तेव्हा पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं, हे सगळं. तू थोडी नावं बदललीस. मांजर मोठी केलीस. पूर्वी रिझिकी पोलीस नव्हती, चौदा वर्षांची मुलगी होती. बाकी पान ६४ पर्यंत मी डोळे मिटून म्हणू शकतो, म्हिना तुझा पत्ता म्हणतो तसं. अकरा तारखेच्या पत्रात लिहिलेला वहीच्या समासातला तो प्रश्न मला कुठून आठवला, हे तू एव्हाना स्वतःला विचारलं असशील. मी लिहून गेलो आणि पत्र टाकल्यावर माझ्या लक्षात आलं.

ती वही मी वाचली होती. सध्या एवढंच लिहितो.

पान ६४ वर जिथे तू तेव्हा थांबलीस, 'आणि होडीच्या तळाशी रिझिकीला', तिथून पुढे मला काहीच माहीत नव्हतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागानं मला थोडं नेलं. आता फक्त चौथा. सेफू एकोणिसाव्या पानावर आहे. मी त्याला म्हटलं, मी वाचून दाखवतो, तू ऐक. तो म्हणाला, "नको मास्तर, तुमच्या तोंडून सगळं कवितेसारखं वाटतं. मला भीती वाटली पाहिजे."

म्हणून मी काल म्हिनाकडे गेलो. हलवा घेऊन गेलो, टांगा शहरातून आणलेला, वेलची घातलेला. तो ओसरीवर गुडघ्याला तेल चोळत बसला होता.

"ये, सुदी."

"थट्टा पुरे. खुनी कोण?"

"गणितात उत्तर आधी सांगत नाहीत."

"एलियस म्हिना, मी सत्त्याहत्तर वर्षांचा आहे. सेफू महिन्याला तीस पानं वाचतो. हिशेब तूच कर."

त्यानं हलव्याचा तुकडा बोटांत फिरवला. मग म्हणाला, "एक काम कर. मला तसं विचार."

"कसं?"

"तुला माहीत आहे कसं. तीन शब्द आहेत. पोरगी तुझ्या वर्गातून रडत बाहेर आली होती. मी व्हरांड्यात होतो. मी काही मोठं केलं नाही रे. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी विचारलं, तिनं नाक पुसलं आणि घंटा होईपर्यंत सांगत बसली. माझा तास बुडाला. तू विचार, मी सांगतो."

मी हलव्याचा डबा उचलला आणि घरी आलो. वाटेत डबा रिकामा केला, सगळा स्वतःच. मला गोड चालत नाही.

हे मी तुला का लिहितो आहे? तुझं मत कळावं म्हणून नाही. माझं मत विचारलंस तर, अजून कादंबरी मला संमिश्र वाटते. एखादी गोष्ट माणसाला इतकं ताटकळत ठेवते तेव्हा तिच्याविषयी चांगलं बोलणं अवघड जातं.

अथुमानी


पांगानी, २९ जून २००३

सोमोए,

चौथा भाग आला. सेफूनं स्वतःहून दिला, एकतीस पानं शिल्लक असताना. म्हणाला, "घ्या मास्तर. तुमच्याकडे बघवत नाही. मला नंतर परत द्या, आणि तोंड उघडू नका."

मी तो भाग घेऊन धक्क्यावर गेलो आणि पायरीवर बसून वाचला. भरती येत होती, दोन वेळा वरच्या पायरीवर सरकावं लागलं.

तर मशामू. नाखवा मशामू, आणि त्याला पकडलं कशानं, तर पौर्णिमेच्या सकाळी दहा वाजता होडी पायऱ्यांना लावली म्हणाला म्हणून. रिझिकी त्याला धक्क्यावर उभं करते, चिखल दाखवते आणि एक शब्दही बोलत नाही. सोमोए, ओट्यावरच्या चौघांनाही पान १३२ वर कळलं होतं की हा माणूस खोटं बोलतोय. रजाबूलाही. सेफूलाही, अक्षर लावता लावता. एकट्या मला कळलं नाही. मला वाटलं, तू चुकलीस. चाळीस वर्षं मी वह्या तपासल्या. माझ्या डोळ्यांना चूक दिसते, खोटं दिसत नाही.

आणि मग पान २९१.

रिझिकी सुदी मास्तरच्या घरी जाते. खटला संपला आहे, डायरीची गरज उरलेली नाही, तरी जाते. डायरीचं काय झालं विचारते. सुदी म्हणतो, वाळवीनं खाल्ली. आणि तू लिहिलंस:

'रिझिकीनं पलंगाखालच्या पेटीकडे पाहिलं. पेटीला कुलूप होतं. वाळवीला कोणी कुलूप लावत नाही. ती काही बोलली नाही. मास्तर म्हातारे झाले होते, आणि ती त्यांच्याकडून एक कविता शिकली होती.'

पाणी पायाला लागलं तेव्हा मी उठलो.

तुला माहीत होतं. चौदाव्या वर्षीच माहीत होतं का? तू वही मागायला आली होतीस, दाराशी उभी होतीस, आणि माझी पेटी तिथून दिसते. कुलूप तेव्हाही होतं.

आता राहिलेलं सांगतो. त्या दिवशी नदीची कविता चालली होती आणि तू बाकाखाली लिहीत होतीस. मी वही हिसकावली, तुला उभं केलं, आणि वर्गाला म्हणालो, पाहू या आपल्या लेखिकाबाई काय बाजारी लिहितात. हसू यावं म्हणून मी नाक दाबून वाचायला लागलो. पहिल्या ओळीला हसले. दुसऱ्या ओळीलाही. मग हसू थांबलं. मी नाकावरचा हात कधी काढला ते मला आठवत नाही. चाळीस मुलं, खिडकीत कावळा, आणि कुणाच्या बाकाचा आवाज नाही. मी दुसरं पान उलटलं, तिसरं उलटलं. तू उभीच होतीस, तुला बस म्हणायचं मी विसरलो. वाक्य अर्धं राहिलेल्या ठिकाणी मी आलो तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "मास्तर, वाचा ना." पुढे काही लिहिलेलंच नव्हतं.

अकरा वर्षं मी त्या वर्गात माझ्या कविता म्हणून दाखवत होतो. अशी शांतता मला एकदाही मिळाली नव्हती.

मी वही टेबलावर आपटली आणि म्हणालो, कचरा. मग तू बाहेर गेलीस, आणि व्हरांड्यात म्हिना होता.

वही या पत्राबरोबर पाठवतो आहे. पानं पिवळी पडली आहेत, पण एकही कुरतडलेलं नाही, दर पावसाळ्याला उन्हात घालत होतो. तू थांबलीस त्यापुढची पानं तुला कोरी मिळणार नाहीत. तिथे पेन्सिलीनं माझं अक्षर आहे. सात शेवट आहेत. पहिला १९७२ चा, शेवटचा सात-आठ वर्षांपूर्वीचा. एकात खुनी गोदामाचा मालक आहे, एकात कासिमूची बायको, एक शेवट संपूर्ण पद्यात आहे, तो वाचू नकोस. सातव्यात खून गणिताच्या मास्तरानं केला आहे. कारण मला सुचलं नाही, तरी मी त्याला फाशी दिली. पाठवण्यापूर्वी खोडायला रबर घेतलं होतं. मग ठेवून दिलं. सातही चुकले आहेत. मशामू मला एकदाही सुचला नाही.

सोबत लाल पेन आहे. तपास. समासात जागा सोडलेली आहे, आणि गुण देताना दया करू नकोस, मी करत नव्हतो.

आज ओट्यावर म्हिनाच्या शेजारी बसलो. चौथा भाग सेफूला परत केला, तो सव्विसाव्या पानावर बोट ठेवून लगेच वाचू लागला. रजाबूनं विचारलं, "काय मास्तर, निकाल काय? निर्दोष?" म्हिना माझ्याकडे पाहत नव्हता. मी त्याला म्हणालो, "पुस्तक तुला दिलं, ते बरोबर दिलं." तो गुडघा चोळत राहिला. मग म्हणाला, "कविता मात्र तुझी आहे त्यात. मी पाठ केली आहे." आणि त्यानं म्हटली. चाल चुकली, यती चुकली, 'सिंधू'च्या जागी 'नदी' म्हणाला. मी दुरुस्त केलं नाही. जीभ चावून बसलो होतो, हे तुला म्हणून सांगतो.

माझं मत: चांगली आहे. वाक्यं आखूड आहेत. एवढं आवडूनही अजून थोडं जळतं, ते जळू दे, या वयात ऊब लागते.

फक्त एक राहिलं. शेवटच्या पानावर रिझिकी एकटीच होडीत बसते, पलीकडच्या काठावर उतरते, नारळांच्या आत शिरते, आणि तू तिथेच थांबलीस. तू वाक्य पूर्ण केलंस, पण मला ते अर्धंच वाटतं. म्हिनाला विचारलं असतं, पण त्यालाही माहीत नसणार. म्हणून तुलाच विचारतो. उशीर झाला आहे हे मला कळतं.

पुढे काय झालं?

अथुमानी